डॉ. कोटणीस आणि त्या युद्धाची फिल्म

जपानविरुद्धचे युद्ध म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दोनच गोष्टी येतात. पर्ल हार्बर आणि हिरोशिमा. सुरुवात ७ डिसेंबर १९४१, शेवट ऑगस्ट १९४५. शाळेच्या पुस्तकातही असेच होते आणि मीही वर्षानुवर्षे असेच शिकवले. पण आम्हा सोलापूरकरांसाठी हे युद्ध त्याच्या कितीतरी आधी सुरू झाले होते. १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून 'राजपुताना' नावाची बोट निघाली. तिच्यावर पाच भारतीय डॉक्टर होते आणि त्यातला एक आमच्या गावचा होता, द्वारकानाथ शांताराम कोटणीस.

त्यांची माहिती बहुतेकांना आहे, तरी नातवंडांसाठी थोडक्यात सांगते. जन्म १० ऑक्टोबर १९१०, सोलापूर. १९३० साली सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी चार हुतात्मे फाशी गेले, तेव्हा ते विशीत होते. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले. जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. चिनी सेनापती जू ते यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष होते सुभाषबाबू. त्यांनी देशभर आवाहन केले, निधी जमवला आणि पथक पाठवले. प्रमुख डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, आणि आपले डॉ. कोटणीस. बाकीचे चौघे यथावकाश परतले. कोटणीस परतले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी उत्तर चीनमधल्या हेबेई प्रांतातल्या एका खेड्यात ते वारले. वय अवघे बत्तीस.

आता आजच्या विषयाकडे वळते. गेल्या वर्षी आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक चित्रफीत फिरत आली. काळीपांढरी, जुनाट, पावसासारख्या रेघा पडलेली. खाली लिहिले होते, 'डॉ. कोटणीस यांचे दुर्मीळ चित्रीकरण. प्रत्येक सोलापूरकराने पुढे पाठवावे.' पाहते तर काय, ते होते व्ही. शांताराम! 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' या १९४६ च्या हिंदी चित्रपटाचा तुकडा होता तो. मी तसे कळवले. त्यावर भाच्याने विचारले, "मावशी, काय फरक पडतो? भावना तर खरी आहे ना?"

प्रश्न चांगला आहे. एका ओळीत उत्तर देता येईना, म्हणून हा लेख.

त्या काळी युद्धाची फिल्म घेणे म्हणजे काय होते ते आधी पाहू. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. तेव्हा रणभूमीवर पुष्कळ ठिकाणी 'आयमो' नावाचा अमेरिकन कॅमेरा वापरत. घड्याळासारखी किल्ली देऊन चालायचा, बॅटरीची गरज नाही. त्यात शंभर फुटांचे रीळ बसे. शंभर फूट म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट! मिनिट संपले की खाली बसून, उजेडापासून जपत नवे रीळ भरायचे. शिवाय या कॅमेऱ्यात आवाज टिपला जात नसे. आपण जुन्या युद्धपटांत जे बॉम्बचे आवाज ऐकतो ते बहुतेक नंतर स्टुडिओत घातलेले असतात. म्हणजे खरी म्हणून आपण जी दृश्ये पाहतो, त्यांतही निम्मे काम नंतरचे असते. ही पहिली गोष्ट लक्षात ठेवायची.

चीनमध्ये असे कॅमेरे कोणाकोणाच्या हातात होते?

२८ ऑगस्ट १९३७ रोजी शांघायच्या दक्षिण स्टेशनावर जपानी विमानांनी बॉम्ब टाकले. वाँग नावाचा एक चिनी कॅमेरामन अमेरिकन न्यूजरीलसाठी काम करत होता. उद्ध्वस्त फलाटावर एकटेच बसून रडणारे एक तान्हे मूल त्याने टिपले. ते चित्र जगभर गेले. जपानी बाजूने आरोप झाला की हे मुद्दाम रचलेले आहे, मूल तिथे आणून बसवले. त्या चित्रावरचे वाद पुढेही चालू राहिले. पण स्टेशनवर बॉम्ब पडले होते आणि माणसे मेली होती, हे काही रचलेले नव्हते.

त्याच वर्षी डिसेंबरात नानजिंग शहर पडले आणि तिथे जे घडले ते लिहवत नाही. जॉन मगी नावाचे एक अमेरिकन पाद्री तिथेच राहिले होते. त्यांच्याजवळ १६ मिलिमीटरचा घरगुती कॅमेरा होता. तिथल्या मिशनच्या दवाखान्यातले जखमी स्त्रीपुरुष, मुले, त्यांच्या मानेवरचे घाव, हे सगळे त्यांनी लपूनछपून टिपले. १९३८ च्या सुरुवातीला जॉर्ज फिच नावाच्या त्यांच्या सहकाऱ्याने ती रिळे ओव्हरकोटाच्या अस्तरात शिवून शांघायला नेली. पकडले असते तर काय झाले असते! युद्धानंतर टोकियोत खटला चालला तेव्हा मगी यांची साक्ष झाली. त्याच न्यायालयात आपले न्यायमूर्ती राधाबिनोद पाल होते. त्यांनी सर्व आरोपींना निर्दोष ठरवणारे वेगळे निकालपत्र दिले हे प्रसिद्ध आहे. पण त्यांनीसुद्धा नानजिंगचे अत्याचार झालेच नाहीत असे म्हटले नाही.

तिसरी गोष्ट आपल्या डॉक्टरांच्या वाटेवरची आहे. योरिस इव्हेन्स हा डच दिग्दर्शक १९३८ साली चीनमध्ये चित्रण करत होता. त्याला येनानला, म्हणजे कम्युनिस्टांच्या भागात, जायचे होते. पण सरकारने जाऊ दिले नाही. तेव्हा परतण्यापूर्वी त्याने आपला आयमो कॅमेरा आणि थोडी फिल्म हँकाऊ शहरात वू यिनश्येन या चिनी कॅमेरामनच्या हवाली केली. पुढे काही महिन्यांनी त्याच हँकाऊतून आपले पाच डॉक्टर गेले आणि फेब्रुवारी १९३९ मध्ये येनानला पोचले. तो कॅमेराही येनानला पोचला. वू आणि युआन मुझी या दोघांनी तिथे एक छोटे चित्रपथक उभे केले.

कॅनडाचे शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथ्यून एका पडक्या देवळात शस्त्रक्रिया करत असतानाचे छायाचित्र तुम्ही कदाचित पाहिले असेल. ते याच वू यिनश्येन यांनी १९३९ च्या शरदात घेतलेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, १२ नोव्हेंबर १९३९ रोजी, बेथ्यून रक्तदोष होऊन वारले. शस्त्रक्रियेत बोट कापले होते त्याचे निमित्त. पुढे त्यांच्या नावाने जे आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालय चालले त्याचे संचालकपद १९४१ च्या जानेवारीत डॉ. कोटणीसांकडे आले.

आणि त्या चित्रपथकाच्या फिल्मचे काय झाले? येनानला फिल्म धुण्याची धड सोय नव्हती. म्हणून १९४० साली युआन मुझी आणि संगीतकार शिआन शिंगहाय हे चित्रित केलेली रिळे घेऊन मॉस्कोला गेले. तिथे काम चालू असतानाच जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावर हल्ला केला. त्या धामधुमीत बरीचशी फिल्म हरवली. शिआन शिंगहाय तर मायदेशी परतलेच नाहीत, १९४५ साली मॉस्कोतच वारले. विचार करा मंडळी. एक मिनिटाचे एक रीळ जपत, डोंगर चढून, गोळ्या चुकवून जे टिपले ते असे गेले.

आता हेच युद्ध पॅसिफिक महासागरात गेले तेव्हा काय झाले ते पाहू, म्हणजे तुलना कळेल. अमेरिकेकडे फिल्म भरपूर, माणसे भरपूर. तरीही ७ डिसेंबरच्या सकाळी पर्ल हार्बरला फारच थोडे कॅमेरे चालू होते. मग जॉन फोर्ड आणि ग्रेग टोलंड यांनी सरकारसाठी 'डिसेंबर सेव्हन्थ' हा चित्रपट काढला. त्यातले हल्ल्याचे पुष्कळसे भाग नंतर नमुने आणि नट वापरून तयार केलेले आहेत. गंमत अशी, की पुढे अनेक माहितीपटांनी तेच तुकडे खरे म्हणून वापरले. आजही टीव्हीवर पर्ल हार्बर दाखवतात तेव्हा त्यात काही खरे आणि काही बनवलेले बेमालूम मिसळलेले असते. फ्रँक काप्रा यांच्या 'बॅटल ऑफ चायना' (१९४४) मध्येही कथापटांतले तुकडे मिसळले होते. तेव्हा आमच्या ग्रुपवरची चूक काही जगावेगळी नाही!

उलट उदाहरणही आहे. नोव्हेंबर १९४३ मध्ये तारावा या एवढ्याशा प्रवाळबेटावर तीन दिवसांत हजाराहून अधिक अमेरिकन सैनिक पडले. नॉर्मन हॅच आणि त्यांच्या साथीदारांनी ते अगदी जवळून टिपले. पाण्यावर तरंगणारी आपल्याच पोरांची प्रेते लोकांना दाखवायची की नाही, असा प्रश्न आला. शेवटी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या परवानगीने १९४४ साली तो चित्रपट दाखवला गेला. सरकारने ठरवले तर सत्य दाखवता येते. न दाखवायचे ठरवले तर?

तर हिरोशिमा होते. बॉम्ब पडल्यावर जपानच्याच 'निप्पॉन एइगाशा' कंपनीच्या लोकांनी हिरोशिमा आणि नागासाकीचे चित्रण केले. अमेरिकन अधिकाऱ्यांनी ते ताब्यात घेतले आणि ते वीसएक वर्षे गुप्त राहिले. १९६७ साली त्याची प्रत जपानला परत मिळाली. मग एरिक बार्नो यांनी त्यातून १९७० साली सोळा मिनिटांचा एक माहितीपट केला. एस. कृष्णस्वामींबरोबर 'इंडियन फिल्म' हा भारतीय सिनेमाचा इतिहास ज्यांनी १९६३ मध्ये लिहिला तेच हे बार्नो. बॉम्ब टाकणारे विमान आणि वर चढणारा ढग जगाने लगेच पाहिला. त्या ढगाखालची माणसे पाहायला मात्र जगाला इतकी वर्षे थांबावे लागले.

आता आपल्या घरात या. भारतात तेव्हा इंग्रज सरकार होते आणि थिएटरात युद्धाची न्यूजरील दाखवणे कायद्याने सक्तीचे होते. १९४३ पासून 'इंडियन न्यूज परेड' सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर, १९४८ साली, फिल्म्स डिव्हिजन आले. माझ्या लहानपणी सिनेमाआधी जी न्यूजरील लागे (आणि जी संपेपर्यंत लोक बाहेर शेंगदाणे घेत उभे राहत!) ती या फिल्म्स डिव्हिजनची. युद्धकाळात कच्च्या फिल्मचे रेशनिंग होते. ती सरकारी परवान्यावर मिळे, आणि निर्मात्यांनी युद्धाला पूरक असे चित्रपट काढावेत अशी सरकारची अपेक्षा होती.

राष्ट्रीय वृत्तीच्या निर्मात्यापुढे हा पेचच होता. १९४२ ची चळवळ झालेली, नेते तुरुंगात, आणि इकडे इंग्रजांच्या युद्धाची भलावण करायची? शांतारामबापूंना डॉ. कोटणीसांच्या कथेत वाट सापडली असावी असे मला वाटते. जपानविरुद्धचा नायक, म्हणजे सरकारही खूश. आणि काँग्रेसने पाठवलेला, खादीच्या संस्कारातला भारतीय डॉक्टर, म्हणजे जनताही खूश. ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९४४ साली या पथकावर 'अँड वन डिड नॉट कम बॅक' हे पुस्तक लिहिले होते. त्याच्या आधारे अब्बास आणि व्ही. पी. साठे यांनी पटकथा केली. 'राजकमल'ने चित्रपट काढला. शांतारामबापू स्वतः कोटणीस झाले आणि जयश्रीबाई त्यांची चिनी पत्नी चिंग लान. संगीत वसंत देसाईंचे. चित्रपट पुरा होऊन आला १९४६ मध्ये, तोवर युद्ध संपले होते. परदेशासाठी त्याची इंग्रजी आवृत्तीही निघाली.

चित्रपट चांगला आहे, मी दोनदा पाहिला आहे. कोटणीसांचे नाव घरोघरी गेले ते त्याच्यामुळे, हे मान्यच केले पाहिजे. पण त्यातला चीन मुंबईत उभा केलेला आहे. त्यात प्लेगची साथ येते, त्यावर उपाय शोधताना डॉक्टर स्वतःच्या जिवाशी खेळतात. ते जपान्यांच्या हाती सापडतात आणि निसटतात. सिनेमाला असे प्रसंग लागतात, त्याबद्दल तक्रार नाही.

पण खरे कोटणीस कसे होते? त्यांना अपस्माराचा आजार होता. फिट येत. अपुरे अन्न, थंडी, जागरणे आणि कामाचा ताण यांनी तो वाढत गेला. तरी ते काम करत राहिले. १९४० च्या एका मोठ्या लढाईत सलग तीन दिवस आणि रात्री त्यांनी शस्त्रक्रिया केल्या असे सांगतात. ते चिनी भाषा शिकले, बोलायलाच नव्हे तर त्या भाषेत शिकवायलाही लागले. तिथल्या तरुण मुलांसाठी शस्त्रक्रियेचे पाठ्यपुस्तक लिहायला बसले. १९४१ साली त्यांनी परिचारिका ग्वो चिंगलान यांच्याशी लग्न केले. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. मूल साडेतीन महिन्यांचे असताना फिट येऊन बाप गेला. पुढे तो मुलगाही वैद्यकीचे शिक्षण घेत असताना १९६७ साली वारला. ग्वोबाई मात्र २०१२ पर्यंत होत्या.

फरक काय पडतो, हे भाच्याला आता सांगता येईल. माझ्या नोकरीच्या काळात सातवीतल्या एका मुलाला भर वर्गात फिट आली. मुले घाबरली. कोणी म्हणाले कांदा आणा, कोणी म्हणाले चप्पल हुंगवा. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी कोणी बसेना. आईवडील त्याला शाळेतून काढायच्या बेतात. तेव्हा मी त्या वर्गाला डॉ. कोटणीसांचा धडा पुन्हा शिकवला, या वेळी आजारासकट. हा आजार असलेला माणूस आपल्या गावातून निघून चीनमध्ये शेकडो जखमींवर शस्त्रक्रिया करत होता, हे ऐकून वर्ग गप्प झाला. मधल्या सुट्टीत दोन मुले त्या मुलाजवळ जाऊन बसली. तो मुलगा पुढे शिकला. हे काम प्लेगवर मात करणाऱ्या पडद्यावरच्या नायकाकडून झाले नसते. त्याला खरे कोटणीसच लागले.

आणखी एक अवघड गोष्ट आहे, ती टाळून चालणार नाही. जपान सरकारही दर आठवड्याला 'निप्पॉन न्यूज' काढत असे. त्यातल्या १९४३ च्या चित्रणात आपले नेताजी दिसतात. जुलैमध्ये सिंगापुरात जनरल तोजोंबरोबर आझाद हिंद सेनेची मानवंदना घेताना आणि नोव्हेंबरमध्ये टोकियोच्या परिषदेत. ज्यांनी १९३८ साली कोटणीसांना जपानशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीला पाठवले, तेच हे सुभाषबाबू. १९३७ साली त्यांनीच जपानच्या चीनमधल्या आक्रमणावर टीका करणारा लेख लिहिला होता. मग हे काय? नुसती फीत पाहिली तर एक तर नेताजींचा राग येईल, नाही तर जपानबद्दल आदर वाटू लागेल. दोन्ही घाई होईल. इंग्रजांची बेडी तोडायला मिळेल त्याचा हात धरायचा हा त्यांचा निर्णय होता. तो समजून घ्यायला फितीच्या आधीची पाच वर्षे माहीत असावी लागतात. आणि जपानी कॅमेरामनला नेताजी कशासाठी हवे होते तेही विचारावे लागते. जपान आशियाचा मुक्तिदाता आहे, हे त्याला दाखवायचे होते. नानजिंगचा दवाखाना त्या वार्तापटात येणार नव्हता.

म्हणून मी नातवंडांना चार प्रश्न लिहून दिले आहेत. जुनी फीत आली की आधी विचारा: कॅमेरा कोणाच्या हातात होता? फिल्मचे पैसे कोणी दिले? हे त्याच दिवशी, त्याच जागी घेतलेले आहे की नंतर रचलेले? आणि यात काय दाखवलेले नाही? जुन्या पत्राची किंवा सनदेची आपण जशी परीक्षा करतो तशीच ही करायची. रेघा पडलेल्या आहेत म्हणून फीत खरी ठरत नाही. आणि रचलेली आहे म्हणून टाकाऊही ठरत नाही. शांतारामांचा चित्रपट चीनबद्दल फारसे सांगत नाही. पण १९४६ च्या हिंदुस्थानाला आपला नायक कसा हवा होता ते तो उत्तम सांगतो. तोही इतिहासच आहे, फक्त त्याच्यावरची चिठ्ठी बरोबर असावी.

सोलापुरात भैय्या चौकाजवळ त्यांच्या जन्मघरी महापालिकेने स्मारक केले आहे. २०१२ पासून ते पाहता येते. चिनी पाहुणे तिथे आवर्जून येतात. आपल्यातले किती जण गेले आहेत? दिवाळीच्या सुट्टीत सगळे जमाल तेव्हा पोरांना घेऊन जा. आणि हो, ती ग्रुपवरची फीत पुढे पाठवायला माझी हरकत नाही. फक्त खाली लिहा, 'व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटातून.' तेवढे एक वाक्य पुरे.